'टिल २० मार्च' : उद्यमबागेतल्या दोन ओळींच्या मेलचं प्रकरण

"डिअर सर, वुई विल सप्लाय व्हॉल्व्ह बॉडीज टिल २० मार्च. काइंडली बेअर विथ अस."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकाला हा मेल गेला. लिहिणारीच्या मनात होतं ते असं : मार्चचा माल वीस तारखेपर्यंत पाठवतो, तेवढं सांभाळून घ्या. वाचणाऱ्याने वाचलं ते असं : वीस मार्चपर्यंत माल देऊ, त्यानंतर नाही. दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं, त्यात मालाची चौकशीच नव्हती. पुरवठा थांबवण्याच्या तुमच्या निर्णयाची नोंद घेतली आहे, आमचे पॅटर्न कधी ताब्यात मिळतील ते उलट टपाली कळवा, एवढाच मजकूर.

उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या काही छोट्या कारखान्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार मी बघून देतो. हे उत्तर आल्यावर मला बोलावणं आलं. मालकांना विचारून, नावं आणि रकमा वगळून, झालेलं सगळं इथे मांडतोय. हीच चूक आपल्याकडच्या नोटिसांत, कोटेशनांत, बँकेला लिहिलेल्या पत्रांत रोज दिसते, आणि ती करणाऱ्यांचं इंग्रजी बरेचदा चांगलं असतं.

आधी कामाचं स्वरूप सांगतो, त्याशिवाय 'पॅटर्न परत द्या' या वाक्याचा दणका कळणार नाही. ही फाउंड्री बिडाच्या ओतकामाची. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या इथे ओतायच्या, मशिनिंग करायच्या आणि दर महिन्याला ठरलेला लॉट पाठवायचा, अशी चालू ऑर्डर. पॅटर्न म्हणजे हव्या त्या भागाची लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची प्रतिकृती. ती वाळूत दाबून साचा तयार होतो आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा तेवढा मोठा करतात. तो करून घ्यायला खर्च येतो, वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा तो पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाच्याच मालकीचा असतो. फाउंड्रीच्या रॅकवर असतो तो ठेवीसारखा. गिऱ्हाइकाने पॅटर्न मागितला की ऑर्डर गेली, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

त्यामुळे मालकांचा पारा चढला तो समजण्यासारखा होता. "पॅटर्न मागूलालाय? बंद कोण करूलालाय इथं?" मी ऑफिसात पाऊल टाकलं तेव्हा ते हेच बोलत होते. त्यांची खात्री झाली होती की गिऱ्हाइकाला दुसरीकडे स्वस्त माल मिळाला आणि आता निमित्त शोधणं चाललंय. "आम्ही असं कुठेही म्हटलेलं नाही, खोटे आरोप करू नका" अशा वळणाचं एक कडक उत्तर त्यांनी सांगून लिहूनही घेतलं होतं. नशिबाने पाठवलं नव्हतं.

मेल लिहिणारी मुलगी खानापूर तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.कॉम. डिस्पॅच, बिलं आणि परदेशी पत्रव्यवहार तीच बघते. तिचा आधीचा पत्रव्यवहार मी वाचला. वाक्यं नेटकी, आकडे चोख, कुठे स्पेलिंगची चूक नाही. तिला दटावण्यात काहीच अर्थ नव्हता.

मग आम्ही तिघांनी बसून दोन महिन्यांचे सगळे मेल क्रमाने वाचले, आपण तिकडचे खरेदी अधिकारी आहोत असं समजून. तेव्हा चित्र पालटलं. जानेवारीत आपण पिग आयर्न आणि भंगाराचे दर वाढल्याचं सांगून भाववाढ मागितली होती. तिकडून 'विचार करतो' एवढंच आलं. आपण पुन्हा आठवण केली, जरा जोर लावून. तिकडून काही नाही. मग मार्चच्या लॉटमध्ये कोअरच्या, म्हणजे आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या, गॅसमुळे कास्टिंगला भोकं पडली, बराच माल रिजेक्ट झाला, लॉट लांबला. हे कारण मात्र आपण कळवलं नाही. त्यांनी विचारलं, मार्चचा लॉट कधी अपेक्षित धरावा? आणि आपलं उत्तर गेलं : 'वुई विल सप्लाय टिल २० मार्च. काइंडली बेअर विथ अस.'

भाववाढीवर उत्तर न मिळालेला पुरवठादार वीस मार्चपर्यंत माल देऊ म्हणतोय, वर सांभाळून घ्या म्हणतोय. मी त्यांच्या जागी असतो तर हाच अर्थ लावला असता. त्यांचं उत्तर थंड होतं, पण त्यात लबाडी नव्हती.

आता मूळ गाठीकडे येतो. मराठीत 'वीस तारखेपर्यंत थांब' आणि 'वीस तारखेपर्यंत पाठव' या दोन्ही वाक्यांत 'पर्यंत'च येतो. थांबणं वीस तारखेला संपेल. पाठवणं वीस तारखेच्या आत एकदा कधीतरी होईल. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण त्यातला फरक आपल्याला क्रियापद सांगतं, म्हणून 'पर्यंत'ला तो सांगावा लागत नाही. इंग्रजीने हे ओझं त्या छोट्या शब्दावरच टाकलंय. काम त्या तारखेपर्यंत चालू राहणार असेल तर 'टिल' किंवा 'अनटिल'. काम त्या तारखेला किंवा तिच्याआधी पुरं होणार असेल तर 'बाय'. 'वेट टिल फ्रायडे', पण 'सेंड इट बाय फ्रायडे'. 'टिल' आणि 'अनटिल' यांच्या अर्थात काही फरक नाही. 'टिल' हा 'अनटिल'चा तुकडा आहे असं समजून काही जण त्याच्या आधी वरचा स्वल्पविराम (ॲपॉस्ट्रॉफी) देतात, तो नको. 'टिल' हा जुना शब्द, 'अनटिल' त्याच्यावरून पुढे तयार झाला. स्पेलिंगमध्ये 'टिल'ला शेवटी दोन एल आणि 'अनटिल'ला एक.

इथवरचं कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडेल. या प्रकरणात त्याच्या पुढचं काहीतरी घडलं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. समजा तिने 'वुई विल डिस्पॅच द मार्च लॉट टिल २० मार्च' असं लिहिलं असतं, तर इंग्रज माणूस क्षणभर अडखळला असता, पण एक लॉट एकदाच निघतो हे त्याला ठाऊक आहे, तेव्हा चूक ओळखून त्याने योग्य अर्थ घेतला असता. तिने लिहिलं 'सप्लाय', आणि पुढे लॉटचा उल्लेखच नाही. 'सप्लाय' म्हणजे एकदा पुरवणंही आणि पुरवत राहणंही. 'सप्लाय टिल २० मार्च' हे इंग्रजीत अगदी बिनचूक वाक्य आहे. त्याचा अर्थ तेवढा भलताच. व्याकरण बिघडलेलं वाक्य वाचणाऱ्याला सावध करतं. हे वाक्य बिघडलेलं नव्हतं, म्हणून त्याने ते जसंच्या तसं खरं धरलं. असे दुहेरी शब्द धंद्यात भरपूर आहेत : सप्लाय, प्रोड्यूस, वर्क, रन, पे. 'वुई विल पे रेंट टिल मार्च' असं घरमालकाला लिहून दिलंत तर मार्चनंतर भाडं बंद, असाच अर्थ निघतो.

मुलीचा प्रश्न रास्त होता. इतकी वर्षं असंच लिहितेय, कुणी कसं काही म्हणालं नाही? मी तिची आधीची गिऱ्हाइकं बघितली. पुणे, कोल्हापूर, फरिदाबाद आणि एक जर्मनीतलं. पुण्या-कोल्हापूरचा माणूस 'टिल' वाचतो आणि मनात 'पर्यंत' म्हणतो. फरिदाबादचा 'तक' म्हणतो, आणि हिंदीतला 'तक' 'पर्यंत'सारखाच दोन्ही कामं करतो : 'कल तक रुको', 'कल तक भेजो'. जर्मनचं काय? जर्मन भाषेतला 'बिस' हाही तसाच. 'बिस फ्राइटाग' म्हणजे शुक्रवारपर्यंत थांबणंही आणि शुक्रवारच्या आत देणंही. इंग्रजी शिकताना जर्मन मुलं इथेच ठेचकाळतात. म्हणजे इतकी वर्षं तिचे मेल वाचणारे सगळे तिच्यासारखाच विचार करणारे होते. इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे असा वाचक तिला पहिल्यांदाच भेटला होता.

आपल्या सीमाभागात तर हे आणखीच झाकून राहतं. शॉप फ्लोअरवर हिंदी, घरात मराठी, तालुक्याच्या कचेरीत कन्नड, आणि या तिन्हींच्या मध्ये कुठे अडलं की इंग्रजी. आपण इंग्रजी लिहितो ते बहुतेक एकमेकांसाठी. निपाणीचा तंबाखू व्यापारी बँकेला लिहितो, खानापूरचा शिक्षक बेळगावच्या शिक्षण खात्याला लिहितो. लिहिणारा इथलाच, वाचणाराही इथलाच. चूक दोघांच्याही नजरेला येत नाही आणि कामही अडत नाही. कामच अडत नसेल तर कुणी का सुधारावं?

सोपी खूण काय सांगावी याचा मी विचार करत होतो. ती सांगितली स्टोअरकीपरनी. ते बैलहोंगलचे, शिक्षण कन्नडमधून. चहा घेऊन आले होते, आमचं बोलणं ऐकून त्यांनी मुलीला विचारलं, "तंगी, तुला इप्पत्तरवरेगे म्हणायचं होतं की इप्पत्तरोळगे?" वीसपर्यंत की विसाच्या आत. कन्नडमध्ये 'वरेगे' आणि 'ओळगे' असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि अमुक तारखेला काम पुरं व्हायचं असेल तर कन्नड माणसाच्या तोंडी 'ओळगे' सहज येतो. मुलगी चटकन म्हणाली, "ओळगे, मामा." मग लक्षात आलं की मराठीतही हे आहेच. 'वीस तारखेच्या आत.' आपण ते कमी वापरतो, एवढंच.

तेव्हापासून मी हीच खूण सगळ्यांना सांगतो. इंग्रजीत तारीख लिहिण्याआधी वाक्य मनात मराठीत म्हणायचं आणि 'पर्यंत' काढून तिथे 'च्या आत' घालून बघायचं. 'वीस तारखेच्या आत पाठवतो' हे बसतं, तर 'बाय'. 'वीस तारखेच्या आत वाट बघतो' हे कानाला खटकतं, तर 'टिल'. 'भाव तीस जूनच्या आत लागू आहे' हेही खटकतं, म्हणून 'व्हॅलिड टिल ३० जून'.

यात एक खाच राहते. 'विसाच्या आत' म्हणताना वीस तारीख धरायची की एकोणीसलाच संपवायचं, यावर आपल्याकडे चारचौघांत वाद होऊ शकतो. इंग्रजी 'बाय'मध्ये ती तारीख सहसा धरलेली असते, पण पैशांचा किंवा दंडाचा प्रश्न असेल तिथे 'सहसा'वर भागवू नये. 'ऑन ऑर बिफोर २० मार्च' लिहिलं की वादाला जागा उरत नाही. आपल्या कायद्यांची भाषाही यात काटेकोर आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ प्रमाणे केंद्रीय कायद्यात 'फ्रॉम' म्हटलं की पहिला दिवस वगळायचा आणि 'टू' म्हटलं की शेवटचा दिवस धरायचा. ते कलम कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी आहे, दोन व्यापाऱ्यांच्या पत्राला ते आपोआप लागू होत नाही. एका दिवसाच्या मोजणीसाठी कायद्यात स्वतंत्र कलम लागलं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

दुसरी खाच मालकांनी काढली, आणि ती माझ्या डोक्यात नव्हती. ते म्हणाले, वीस तारखेच्या आत काय होणार? माल आमच्या गेटातून निघणार, न्हावा शेवा बंदरात पोचणार, की बोटीवर चढणार? प्रश्न अगदी मुद्द्याचा. 'सप्लाय बाय २० मार्च' लिहिलं असतं तरी हा घोळ राहिलाच असता. त्यांच्या ऑर्डरवर एफओबी (फ्री ऑन बोर्ड) न्हावा शेवा असं होतं. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या इन्कोटर्म्सप्रमाणे, म्हणजे व्यापारातल्या ठरावीक संज्ञांच्या नियमांप्रमाणे, एफओबीमध्ये माल जहाजावर चढला की विकणाऱ्याची डिलिव्हरी पुरी झाली असं धरतात. म्हणजे गिऱ्हाइकाने 'सप्लाय' वाचून जहाजावरची तारीख धरली असती, आणि आपण गेटाबाहेर पडणाऱ्या ट्रकची तारीख सांगत होतो. उद्यमबाग ते न्हावा शेवा, मग कस्टम्स, मग जहाजाचं वेळापत्रक. मधले दिवस कुणाच्या खात्यात टाकायचे? 'बाय' बरोबर वापरला तरी त्याच्या आधीचं क्रियापद मोघम असेल तर तारीख पोकळच राहते.

पाठवलेलं उत्तर असं होतं, शब्द जवळपास हेच :

"वुई आर नॉट स्टॉपिंग सप्लाय. अवर लास्ट मेल वॉज बॅडली वर्डेड. द मार्च लॉट विल लीव्ह अवर वर्क्स ऑन ऑर बिफोर २० मार्च. इट इज लेट बिकॉज वुई रिजेक्टेड कास्टिंग्ज विथ ब्लो होल्स. द एप्रिल लॉट विल फॉलो ॲज शेड्यूल्ड. द प्राइस डिस्कशन इज अ सेपरेट मॅटर अँड डझ नॉट अफेक्ट धिस ऑर्डर."

पहिलं वाक्य गैरसमज थेट मोडतं. दुसऱ्यात चुकीची कबुली आहे, पण 'टिल' आणि 'बाय'चं व्याकरण नाही. तिकडच्या माणसाला मराठीची घडण समजावत बसण्यात त्याचा वेळ गेला असता आणि आपलं वजन गेलं असतं. मालकांचा आग्रह होता की रिजेक्शनचं कारण लिहू नये, कमीपणा दिसतो. मी उलट म्हणालो. भोकं पडलेला माल आपणच वगळला, हे वाचून खरेदी अधिकाऱ्याचा विश्वास वाढतो. भाववाढीचं वाक्य घालायलाही ते नाखूश होते, आपल्या हातातलं हत्यार जातं म्हणून. ते मात्र मुलीने पटवलं. "सर, त्या वाक्याशिवाय त्याला खरं वाटणारच नाही," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

संध्याकाळी फोन आला, पॅटर्नची मागणी मागे घेतली गेली. भाववाढीची बोलणी पुढे स्वतंत्रपणे झाली, आणि मागितली होती तेवढी वाढ काही मिळाली नाही. त्याचा या मेलशी संबंध होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही.

नंतर आम्ही ऑफिसातले छापील नमुने बाहेर काढले. कोटेशन, स्मरणपत्र, जॉबवर्कवाल्यांना द्यायची चिठ्ठी, गेटवरची सूचना. स्मरणपत्रात 'प्लीज पे टिल १५' होतं, ते 'बाय १५' झालं. जॉबवर्कच्या चिठ्ठीवर 'रिटर्न मटेरियल टिल सॅटरडे', तेही बदललं. कोटेशनवरचं 'व्हॅलिड टिल' बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात मी पाहिलं तर तेही बदलून 'व्हॅलिड बाय ३० जून' करून ठेवलेलं. असं हमखास होतं. एक चूक सांगितली की माणूस धास्तावतो आणि बरोबर असलेलंही मोडून टाकतो. भाव तीस जूनपर्यंत टिकून राहतो, म्हणून तिथे 'टिल'च हवा. 'बाय' म्हणजे सर्रास सुधारणा, असं कुणी समजू नये.

नकारार्थी वाक्यं आणखी घसरडी. 'वीस तारखेपर्यंत माल पाठवता येणार नाही.' मराठीतच याचे दोन अर्थ होतात. एक, वीसची मुदत गाठता येणार नाही : 'वुई कॅनॉट डिस्पॅच बाय २० मार्च.' दुसरा, वीसपर्यंत गाडीच नाही, निघेल ती वीसपासून पुढे : 'वुई कॅनॉट डिस्पॅच अनटिल २० मार्च.' पहिल्यात वीसनंतर कधी ते कळत नाही, दुसऱ्यात वीस ही निघण्याची लवकरात लवकरची तारीख आहे. इथे 'च्या आत'ची खूणही थोडी डळमळते. अशा जागी मी सरळ होकारार्थी लिहायला सांगतो : 'द लॉट विल लीव्ह ऑन २० मार्च.'

मे महिन्यात त्याच गिऱ्हाइकाचा मेल आला. गोदामात जागा नाही, म्हणून 'प्लीज होल्ड द बॅलन्स अनटिल ५ जून.' दुसऱ्या एका कारखान्यात अशाच मेलवरून पाच जूनच्या आत माल रवाना झाल्याचं मी पाहिलंय. मुलीने मेल वाचला, स्टोअरमध्ये फोन केला आणि सांगितलं, "मामा, हे वरेगे आहे. पाच तारखेआधी गाडी लावू नका." बॅलन्स माल रॅकवर राहिला, गाडी पाच तारखेला लागली.